तिकडचे तीन

मंगळवार, २३ सप्टेंबर १९८०.
सकाळी धुकं, नंतर ऊन. इरीदेला पडसं झालंय, बसमध्ये सगळ्यांना वाटत बसली. कॉलर नेहमीइतक्या झाल्या. संध्याकाळी घरी येते तो फेर्मो पाद्री दारात उभे. मठातून फोन आला होता. लिंदाचं हृदय थकलंय, नाताळाआधीच्या भेटीपर्यंत थांबू नका, असं मदरनी सांगितलंय. शुक्रवारी तीन वाजता, एक तास. रात्री भोपळ्याचं सूप. अंजीर उतरवायचे राहिले.

एर्सिलिया कास्सानीने वही मिटली आणि तिच्यावर चष्मा ठेवला. रोज रात्री चार ओळी लिहायची सवय तिला शाळेतल्या सिस्टरांनी लावली होती. दिवसात काय घडलं, काय शिजलं आणि घरातलं काय झालं किंवा राहिलं, एवढंच लिहायचं. मनातलं लिहायला गेलं की सिस्टर लाल रेघ मारत. शाळा सुटून जन्म लोटला, पण सवय सुटली नाही. नवरा गेला त्या रात्रीही तिने लिहिलं होतं, आणि त्या नोंदीची शेवटची ओळ अशी होती की मागच्या दाराची कडी नीट बसत नाही.

दिवा घालवण्याआधी तिने सवयीने दोन्ही घड्याळांकडे पाहिलं. तिच्या स्वयंपाकघरात एक घड्याळ भिंतीवर होतं आणि एक कपाटावर. हिवाळ्यात दोघांचं जमायचं. उन्हाळा आला की भिंतीवरचं एक तास पुढे पळायचं आणि कपाटावरचं जागच्या जागी राहायचं. इटलीत उन्हाळ्यापुरती घड्याळं पुढे करायचा कायदा झाला त्याला चौदा वर्षं झाली होती. पलीकडे स्वित्झर्लंडात तसा कायदा नव्हता. गाव सीमेच्या तारेला टेकलेलं, आणि गावातल्या निम्म्या बायका रोज ती तार ओलांडून स्ताबियोच्या शर्टच्या कारखान्यात जाणाऱ्या. म्हणजे चूल एका वेळेवर पेटायची आणि मशीन दुसऱ्या वेळेवर सुरू व्हायचं. सकाळी नाका ओलांडला की एक तास फुकट मिळायचा, आणि संध्याकाळी परत येताना तो हातातून काढून घेतला जायचा. बायका घरी पोहोचत तोवर गाव जेवून उठलेलं असायचं.

पहिल्या उन्हाळ्यात घरोघर नुसता गोंधळ झाला. मग एका रविवारी आत्तिलियो, तिचा नवरा, जत्रेतून हे दुसरं घड्याळ घेऊन आला. तो दगड घडवायचा, आणि बोलण्याच्या बाबतीत दगडाचाच भाऊ होता. त्याने घड्याळ कपाटावर ठेवलं, चावी दिली आणि म्हणाला, "हे तुझं. भिंतीवरचं माझं. आता वाद नको." त्या घड्याळांवरून त्यांचा पुन्हा कधी वाद झाला नाही. आत्तिलियोच्या छातीत दगडाची भुकटी बसली आणि तो गेला, त्यालाही आता आठ वर्षं होत आली होती. त्याचं घड्याळ ती अजून दर वसंतात पुढे करत होती.

या गावात कोणी नुसती वेळ सांगत नसे. दाताच्या डॉक्टरची वेळ असो, केस कापायची असो की बारशाची, ऐकणारा आधी विचारायचा, "इकडचे की तिकडचे?" ज्यांनी विचारलं नाही त्यांच्या गोष्टी बसमध्ये वर्षानुवर्षं चघळल्या जात. कारखान्यातल्या इरीदेच्या भाच्याचं लग्न झालं तेव्हा नवरीकडची मंडळी पलीकडून, मेंद्रिसियोहून तासभर उशिरा आली, आणि तोवर इकडे नवरीशिवाय कसं होणार म्हणून घामाघूम झालेला नवरा चर्चच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. एर्सिलिया मात्र कधी फसली नव्हती. उलट ती दुसऱ्यांना टोकायची, इतकी की इरीदे तिला "रेल्वे स्टेशन" म्हणायची.

फेर्मो पाद्री खालच्या मैदानी मुलखातून नवीन आलेले. त्यांच्या तोंडी तो प्रश्न अजून रुळला नव्हता. आणि त्या संध्याकाळी, लिंदाचं हृदय हे शब्द ऐकल्यावर, एर्सिलियाही तो विचारायला विसरली.

*

लिंदा म्हणजे तेओदोलिंदा, तिची थोरली बहीण. चौतीस वर्षांपूर्वी ती वारेसेच्या वरच्या टेकडीवरच्या बंद मठात गेली आणि सिस्टर आन्येझे झाली. त्या मठातल्या सिस्टर बाहेर येत नाहीत. घरच्यांनी वर्षातून दोनदा जायचं, एकदा नाताळाआधी आणि एकदा ईस्टरच्या आधी उपवासाच्या दिवसांत, आणि लोखंडी जाळीपलीकडच्या माणसाशी एक तास बोलायचं. एर्सिलियाचं लग्न व्हायचं होतं तेव्हा त्यांचा बाप चारचौघांत म्हणायचा, "माझ्या दोन पोरी, एक देवाच्या जाळीमागे आणि एक स्विस जाळीमागे. जावयांना घाबरायचं मला कारणच उरलं नाही." सीमेच्या तारेच्या जाळीवर चोरटा माल नेणाऱ्यांना पकडायला छोट्या घंटा लावलेल्या असत, आणि वारा सुटला की त्या आपोआप वाजत. बाप म्हणायचा, "ही बघा, माझ्या धाकटीच्या मठातली प्रार्थना सुरू झाली."

लोक हसायचे. एर्सिलियाही हसायची. पण तिच्या पोटात एक खडा होता.

कारखान्यात आधी लिंदा जायची. खिडकीपासूनचं तिसरं मशीन तिचं होतं. एर्सिलियाला त्या वेळी शाळेतल्या सिस्टरांनी बालवाडीत शिकवायला बोलावलं होतं. तिने दोन पांढरे ॲप्रनसुद्धा शिवून ठेवले होते. मग एका सकाळी लिंदाने जाहीर केलं की ती मठात चालली. घरात पलीकडचा पगार यायलाच हवा होता. पुढच्या सोमवारी एर्सिलिया खिडकीपासूनच्या तिसऱ्या मशीनवर बसली. बालवाडीसाठी शिवलेले ॲप्रन तिथेच घालून फाडले.

लिंदा, तू देवासाठी गेलीस, की कॉलर शिवायचा कंटाळा आला म्हणून गेलीस? हा प्रश्न तिने चौतीस वर्षं बाळगला होता. दर भेटीला ती तो बरोबर न्यायची आणि जाळीपाशी पोहोचली की गप्प व्हायची. लिंदा गावच्या बातम्या विचारायची, कोण गेलं, कोणाला काय झालं, आणि तास संपून जायचा. पुढच्या खेपेला विचारू, असं म्हणत एर्सिलिया टेकडी उतरायची. आता पुढची खेप राहिली नव्हती. जे काय होतं ते शुक्रवारी.

*

बुधवारी सकाळी बसमध्ये तिने इरीदेला सांगितलं.

"अर्धा दिवस रजा? तू?" इरीदेने नाक पुसत विचारलं. "अगं, तुझ्या आत्तिलियोची अंत्ययात्रा निघाली तेव्हासुद्धा तू दुसऱ्या दिवशी पहिल्या शिट्टीला हजर होतीस. देल्कोबाईला चक्कर येईल."

"येऊ दे. आणि तो रुमाल माझ्या तोंडावर झटकू नकोस."

"लिंदा खूप आजारी आहे का गं?"

"मदरनी स्वतः निरोप पाठवला म्हणजे असणार."

इरीदेने रुमाल घडी करून खिशात ठेवला. तिच्यासाठी ती मोठीच गोष्ट होती. मग तिने एर्सिलियाच्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "माझ्यासाठी पण दोन शब्द टाकायला सांग तिला वर. माझ्या गुडघ्यांसाठी. तिची चिठ्ठी लवकर पोहोचत असेल."

पुढच्या सीटवरून गाउदेंत्सियो, बसचा ड्रायव्हर, आरशात बघून ओरडला, "इरीदे, गुडघ्यांआधी जिभेसाठी सांग!"

"तू रस्त्याकडे बघ, नाहीतर सगळ्यांनाच एकदम वर भेटायला जावं लागेल."

कारखान्यात देल्कोबाईला चक्कर आली नाही. ती कामावर देखरेख करणारी, पलीकडचीच, कडक, पण सरळ बाई होती. "बहीण आहे म्हणता? मग जायलाच हवं, सिन्योरा कास्सानी. किती वाजता पोहोचायचंय?"

"तीन वाजता."

दोघींनी मान वर केली. हॉलच्या टोकाला मोठं घड्याळ होतं, त्याच्यावर इथल्या सगळ्यांचे दिवस चालायचे. देल्कोबाई त्याच्याकडे बघून म्हणाली, "जेवणाची शिट्टी झाली की निघा. आरामात पोहोचाल." एर्सिलियाने त्याच घड्याळाकडे बघून मान डोलावली. चौदा वर्षं दुसऱ्यांना टोकणाऱ्या बाईच्या ध्यानात आलं नाही की मठ तारेच्या अलीकडे, इटलीत आहे.

*

शुक्रवारी तिने कारखान्यात जातानाच अंजिरांची टोपली बरोबर घेतली, वर अंजिराचीच पानं झाकली. जेवणाची शिट्टी झाली तरी हातातला गठ्ठा अर्धा होता. तो पुरा केल्याशिवाय तिच्याने उठवेना.

"ऊठ," इरीदे म्हणाली. "निदान देवाच्या दारात तरी वेळेआधी जा. त्या कॉलर मी बघते."

"तू बघशील आणि टोकं वाकडी करशील."

"होऊ दे वाकडी. कोणातरी जर्मन साहेबाचा गळा वाकडा असेलच."

एर्सिलियाने गठ्ठा पुरा केला, हात धुतले, कामाचे बूट काढून काळे बूट घातले आणि निघाली. ती पायी नाक्याकडे चालू लागली. इतक्या वर्षांत या रस्त्याने ती भर दुपारी कधी आली नव्हती. नेहमी बसच्या काचेतून, पहाटेच्या करड्या उजेडात नाहीतर संध्याकाळच्या. द्राक्षांच्या ओळींवर ऊन पडलं होतं, एक म्हातारा शिडीवर चढून काहीतरी बांधत होता, आणि तिला उगीच शाळा चुकवून आल्यासारखं वाटत होतं.

गाज्जोलोच्या नाक्यावर इटलीच्या बाजूला एक कोवळा कस्टम शिपाई होता, दक्षिणेकडचा. आत कोणाचा तरी रेडिओ चालू होता, दोनच्या बातम्या लागल्या होत्या. त्या तिच्या कानावरून गेल्या, आत शिरल्या नाहीत. तिच्या मनगटावरच्या घड्याळात एक वाजला होता.

"टोपलीत काय आहे, सिन्योरा?"

"अंजीर."

"स्वित्झर्लंडातून अंजीर?"

"स्वित्झर्लंडातून कुठले! माझ्या परसातले. सकाळी तिकडे गेले, आता परत आले. माझ्यासारखेच."

त्याने पानं बाजूला केली, खाली हात घातला आणि पलीकडे स्वस्त मिळणाऱ्या कॉफीची पुडी वर काढली. ती बघून त्याला जरा बरं वाटलं. अंजिरांनी त्याचं डोकंच चालेनासं झालं होतं.

"ही पण परसातली?"

"ती मठातल्या सिस्टरांसाठी. घ्यायची तर घे, पण त्या आज संध्याकाळी तुझं नाव घेऊन प्रार्थना करतील. नाव काय तुझं?"

त्याने पुडी परत ठेवली. "साल्वातोरे," तो म्हणाला. "नाव सांगाच त्यांना."

वारेसेची बस दर तासाला, अर्ध्याला सुटायची. थोडं थांबून ती मिळाली. खिडकीशी बसून तिने टोपली मांडीवर घेतली आणि प्रश्नाची उजळणी सुरू केली. सरळ विचारायचा. आधी तब्येत, मग प्रश्न. गावच्या बातम्या आज अजिबात नाहीत. लिंदा रागावली तर? आजारी माणसाला असलं विचारतात का? आणि नाही विचारलं तर? तर तो खडा तिच्याबरोबरच मातीत जाईल, आणि लिंदाला कळणारही नाही की तो होता.

शहरात टेकडीची बस पकडायला ती चौकात उतरली. मनगटावर अडीच. अर्धा तास हातात होता, बस थेट मठाच्या रस्त्याला लागणारी. ती स्वतःवर खूश झाली. मग सहज मान वर गेली आणि चौकातल्या घड्याळात साडेतीन वाजलेले दिसले.

तिला क्षणभर वाटलं, घड्याळ बंद असेल. पण काटा हलला.

ती तिथेच बाकावर बसली. इकडचे. मठ इकडचा. तीन इकडचे. आणि ती निघाली होती तिकडचे तीन धरून. तिची टेकडी चढून होईपर्यंत चार वाजणार, लिंदाला आत परत नेलेलं असणार, आणि मठात जाळीवर एकदा पडदा पडला की माणूस कितीही रडो, तो पुन्हा उघडत नाही. चौदा वर्षांत एकदाही नाही, आणि आज! इरीदेला कळलं तर ती हसणारही नाही, हे तिला सगळ्यात वाईट वाटलं.

टेकडीची बस आली. उलट घराकडे जाणारीही समोर उभी होती. एर्सिलिया टेकडीच्या बसमध्ये चढली. का चढली ते तिलाच सांगता आलं नसतं. अंजीर तर द्यायलाच हवे होते. दाराशी लाकडी चाक असतं, त्यात टोपली ठेवायची, चाक आतून फिरतं. निदान लिंदाला कळेल की आली होती. एवढ्यासाठी तरी.

बसमधून उतरून ती भिंतीच्या कडेने वर चढली. चार वाजायला आले असणार, तिला घड्याळ बघवत नव्हतं. दाराच्या दोरीला हात घालणार तोच आत, मठाच्या छोट्या बुरुजावर, घंटा झाली. तिने नकळत ठोके मोजले. तीन. ती पुढच्या ठोक्याची वाट बघत उभी राहिली. तो आला नाही.

दारातली लहान खिडकी उघडली. सिस्टर झीता, दारावरची, एर्सिलियाच्या ओळखीची. तिला अर्धं ऐकू यायचं नाही, त्यामुळे ती कायम हुकूम दिल्यासारखी बोलायची.

"आलीस? ये. पाय पूस. कारखान्यातल्या बायकांचं हे बरं असतं, घंटेला हजर."

"सिस्टर, चार वाजले."

"काय?"

"चार वाजले! मी उशिरा आले!"

"चार तुमच्याकडे. इथे तीन." सिस्टर झीताने टोपली ओढून घेतली आणि पानं बाजूला केली. "मदर घड्याळाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, सूर्य काही रोमला मत द्यायला गेला नव्हता. अंजीर छान आहेत. ही कॉफी कशाला? बरं, राहू दे. उभी काय राहिलीस? तासातला वेळ जातोय तुझा."

एर्सिलियाला आठवलं, आजवर ती इथे आली ती हिवाळ्यातच. तेव्हा सगळ्यांची घड्याळं सारखी असतात. इथे उन्हाळ्यात काय होतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

*

लिंदाला चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं. जाळीपलीकडे तिचा चेहरा लहान झालेला दिसला, पण भुवया त्याच, वर चढलेल्या, बापासारख्या. एर्सिलिया बसली आणि तब्येत विचारायच्या ऐवजी तिला रडूच कोसळलं.

"सिलिया, मी अजून आहे," लिंदा म्हणाली. तिचा श्वास दोन शब्दांना पुरत होता, मग थांबावं लागत होतं. "थोडं नंतरसाठी ठेव."

"तुझ्यासाठी नाही रडत. घड्याळासाठी रडतेय." आणि तिने सगळं सांगितलं, पाद्री, देल्कोबाई, चौकातलं घड्याळ. लिंदा हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. मागे बसलेली तरुण सिस्टर काळजीने उठली. लिंदाने हाताने तिला खाली बसवलं.

"म्हणजे तुझं घड्याळ बरोबर होतं."

"चुकून बरोबर होतं."

"थांब." लिंदाने भुवया अजून वर नेल्या. "कारखान्यात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत?"

"नाही ना. तोच तर घोळ आहे. आता पुढच्या वर्षापासून तेही करणार म्हणतात."

"मग तुमची नऊची शिट्टी अजून आहे? कॉफीची?"

"आहे की."

"ती आमच्या नऊला होते?"

एर्सिलियाने मनात जुळवलं. "तुमच्याच नऊला. वर्षभर."

लिंदाने बोटांवर काहीतरी मोजलं. तरुण सिस्टरने पुन्हा मान वर केली. मग लिंदा म्हणाली, "मला वाटायचं उन्हाळ्यात माझं चुकतंय. नऊला आमची प्रार्थनेची घंटा होते. मी तेव्हा रोज तुला आठवते. दोरा तोडून सगळ्या उठतात, थर्मास उघडतात, मी बघितलेलं आहे ना. पण बाहेर कायदा बदलला असं कळलं, तेव्हापासून उन्हाळ्यात वाटायचं, आता सिलियाचे नऊ वाजून गेले असतील. माझी हाक उशिरा जातेय."

"उशिरा नव्हती जात."

"हो. आता कळलं."

आता विचारायला हवं होतं. एर्सिलियाने जाळीला बोटं लावली. लोखंड गार होतं. आणि तिच्या तोंडून प्रश्न आला तो ठरवलेल्या शब्दांत नाही, घरच्या भांडणातल्यासारखा आला.

"लिंदा, तू खरं सांग. तू देवासाठी आलीस इथे, की कॉलरांना कंटाळून?"

मागची सिस्टर खाली मान घालून माळेचे मणी जास्तच भराभर ओढू लागली.

"कॉलरांना कंटाळून?" लिंदा म्हणाली. "तुला माहीत नाही मी इथे काय करते ते? सगळ्या जिल्ह्यातल्या पाद्र्यांच्या कॉलर इथे शिवतात. पहिल्याच आठवड्यात मदरनी विचारलं, तुला काय येतं? चौतीस वर्षं, सिलिया. मी तिकडे शिवल्या नसत्या इतक्या."

एर्सिलियाला हसू आवरेना. तिने बाही तोंडावर धरली.

"कधी बोलली नाहीस!"

"लाज वाटायची." श्वास घेऊन लिंदा पुढे म्हणाली, आता हसत नव्हती. "देवासाठीच आले. पण मी निघाले की तुला माझ्या मशीनवर बसवतील, हे मला ठाऊक होतं. तुझे ॲप्रन मी बघितले होते, कपाटात, घडी घातलेले. बघून निघाले. नऊला मी तेच सांगते रोज."

"देवाला?"

"त्यालाही."

एर्सिलिया जाळीकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, उत्तर मिळालं की राग येईल किंवा मन मोकळं होईल. तसं काही झालं नाही. तिला दिसलं ते एवढंच की रोज सकाळी ती थर्मासचं झाकण उघडते तेव्हा टेकडीवर कोणीतरी ते ॲप्रन पुन्हा कपाटातून काढतं, बघतं आणि परत ठेवतं. तिने स्वतः ते इतक्या वेळा काढले नव्हते.

"पहिल्या वर्षी तुला फार शिव्या दिल्या मी," ती म्हणाली.

"त्या पोहोचल्या."

"मग मशीनची सवय झाली. मग बायका चांगल्या मिळाल्या. इरीदे तुला गुडघ्यांसाठी दोन शब्द टाक म्हणाली आहे. आणि नाक्यावरच्या एका साल्वातोरेसाठी पण."

"तो कोण?"

"कॉफी सोडणारा."

"बरं. दोघांचं सांगते." लिंदाने डोळे मिटून घेतले, मग उघडले. "खिडकीपासून तिसऱ्याचा डावा पाय अजून कुरकुरतो?"

"लिंदा, ते मशीन बावीस वर्षांपूर्वी बदललं. दर खेपेला विचारतेस."

"दर खेपेला विसरायला मला आवडतं."

मग त्या गावच्या बातम्यांवर आल्या. कोण गेलं, कोणाच्या नातीने पलीकडे बँकेत नोकरी धरली, गाउदेंत्सियोची नवी बस. एर्सिलियाने सांगितलं की नाताळात तिचं काम संपतंय. वय झालं, मग पलीकडची पेन्शन. आणि मग सकाळी उठून कुठे जायचं, ते तिला माहीत नाही.

"आणि पुढच्या उन्हाळ्यात कारखानापण घड्याळ पुढे करणार," लिंदा म्हणाली. "मग या वेळेत मी एकटीच."

"मदर आहेत. सूर्य आहे."

"ते दोघं काही बोलत नाहीत."

घंटा झाली. तरुण सिस्टर उठली आणि खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली. लिंदाने जाळीतून दोन बोटं बाहेर काढली. एर्सिलियाने ती धरली. बोटांच्या टोकांना सुईचे घट्टे होते, तिच्या स्वतःच्या बोटांना होते तिथेच.

"नऊला," लिंदा म्हणाली. "एखादी शिवी दिलीस तरी चालेल."

*

घरी पोहोचेपर्यंत गाव जेवून उठलं होतं. इरीदे एर्सिलियाच्या दारातल्या पायरीवरच बसली होती, शाल गुंडाळून.

"भेटली?"

"भेटली."

"वेळेवर पोहोचलीस?"

एर्सिलियाने कुलूप काढता काढता विचार केला. सांगितलं तर सोमवारी सगळ्या बसला कळणार होतं, आणि रेल्वे स्टेशनचं नाव कायमचं बदलणार होतं.

"घंटेला," ती म्हणाली. "आत ये. मक्याचा पोलेंता आहे कालचा, परतून देते. तुझ्या गुडघ्यांचं सांगितलंय."

इरीदे पडसं आणि पोलेंता दोन्ही घेऊन तासभर बसली आणि मग गेली. एर्सिलियाने भांडी विसळली. खुर्ची भिंतीशी ओढली, बूट काढून तिच्यावर चढली, उतरली, दिव्याखाली बसली आणि वही उघडली.

शुक्रवार, २६ सप्टेंबर.
सकाळी स्वच्छ. अर्धा दिवस रजा. नाक्यावर नवा शिपाई, साल्वातोरे, सभ्य आहे. लिंदाला भेटले, तासभर. दम लागतो, पण हसली. मठात कॉलर शिवतात. रात्री इरीदे, परतलेला पोलेंता. झाडावर अजून एक टोपली अंजीर आहेत, उद्या उतरवायचे. घड्याळं रविवारी मागे करायची आहेत, पण भिंतीवरचं आजच एक तास मागे केलं. चावी दोन्हींना दिली.